आम्ही कोणाकडेच आलो नव्हतो

तुम्ही खोटं बोलायचात, आणि फार छान बोलायचात. तेरवीच्या दिवशी लोक तुमच्याबद्दल काय काय सांगत होते. सरळ माणूस, देवमाणूस, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. मी मान हलवत होते. पण तुमचं एक जुनं गिऱ्हाईक जेव्हा म्हणालं की या माणसाच्या तोंडून कधी खोटा शब्द निघाला नाही, तेव्हा मला पदर तोंडाला लावावा लागला. बायकांना वाटलं, मी रडते आहे. आपल्या सुनेला, दीपाला, मात्र बरोबर कळलं, कारण तीही माझ्या शेजारी ओढणी तोंडाला लावूनच बसली होती.

तुमचं जाणं कसं झालं हे ज्यांना कळायचं त्यांना कळलं आहे. मला ते पुन्हा सांगायचं नाही. मला आपल्या फिरण्याबद्दल बोलायचं आहे. आपला एक वाद अर्धा राहिला होता आणि गेल्या रविवारी तो मी एकटीनं पुढे नेला. त्याचा निकाल तुम्हाला कळवायला हवा, नाहीतर तुम्ही तिकडेही जिंकलो म्हणून सांगत फिराल.

तुमचं शिलाईचं दुकान रविवारी बंद आणि माझं वाचनालयही बंद. नरेशचं लग्न झालं, घरात दीपा आली, आणि पुढच्याच रविवारी तुम्ही सकाळी कपडे घालून दारात उभे. म्हणालात, चल, फिराले जाऊ. कुठे, विचारलं तर म्हणे, रेल्वे जाते तिकडं. आपल्या खिशाला काश्मीर झेपणारं नव्हतं, तिरोडा झेपत होतं. मी म्हटलं, लोक हसतील, सून आल्यावर हे काय सुचलं? त्यावर तुमचं उत्तर तयार होतं. "आमचे पूर्वज माळव्यातून इथवर बैलबंडीनं आले. मले तिरोड्यापर्यंत रेल्वेनं जाले का झालं?"

तर आपली पहिली सहल तिरोड्याची. काय पाहिलं आपण तिथे? विजेच्या कारखान्याची धुराडी पाहिली, स्टेशनबाहेर गरम भजी खाल्ली, आणि धूर आपल्या दिशेनं येतो आहे की उलट्या, यावर भांडलो. मला वाटलं होतं, हौस फिटली. पण तुम्ही परतीच्या वाटेवरच पुढच्या रविवारचं बोलू लागलात, आणि खरं सांगायचं तर मीही ऐकू लागले होते. इतकी वर्षं संसार केला, पण दिवसभर एकमेकांशेजारी नुसतं बसून राहण्याची वेळ आपल्यावर कधी आली नव्हती. मला ते फार आवडलं. तुम्हाला तसं कधी म्हटलं नाही, आता म्हणते.

मग नियम झाला, जाताना रेल्वे आणि येताना एसटी. हा नियम म्हणजे आपला तह होता. तुम्ही रेल्वेवाले. पाय पसरता येतात, उठून दाराशी जाता येतं, कोणी पेपरात बांधलेले समोसे घेऊन येतं. मी एसटीवाली. रेल्वे गावांच्या पाठीमागून जाते, परसातली न्हाणी आणि उकिरडे दाखवत. एसटी अंगणातून जाते. कोणाच्या दारात धान वाळतं आहे, कोणाकडे मांडव पडला आहे, सगळं दिसतं. शिवाय एसटीत तुमची एक कला पाहायला मिळायची. बस फलाटाला लागते न लागते तोच तुम्ही गर्दीतून पुढे जाऊन खिडकीतून टॉवेल आत फेकायचात आणि दोन जागा धरायचात. पोटऱ्या दुखायच्या म्हणून घरी चार पायऱ्या चढायला कुरकुरणारा माणूस तिथे विशीतला व्हायचा. एकदा टॉवेल एका आजोबांच्या डोक्यावर पडला, तर त्यांनी तो तसाच राहू दिला आणि तुम्ही चढेपर्यंत इमानदारीनं जागा राखली.

आता खोट्याकडे येते. आपल्या जिल्ह्यात कुठल्याही गावात उतरलं की दहा पावलांत एक माणूस भेटतो आणि विचारतो, "कोणाकडं आले जी?" त्याला तुमच्या नावगावाशी काही घेणंदेणं नसतं. त्याला तुमचा पाहुणचार करणारं घर हवं असतं. आणि आपण तर कोणाकडेच आलेलो नसायचो. माझं म्हणणं असायचं, सरळ सांगावं की फिरायला आलो. तुमचं म्हणणं, असं कोणी मानणार नाही. म्हणून तुम्ही दर गावाला नवं उत्तर काढायचात. कुठे बैल पाहायला आलो, कुठे जमीन, कुठे साडूच्या साडूचं घर शोधून राहिलो.

बिरसीचं आठवतं? तिथे रेल्वे नाही, नियम मोडला होता, पण विमानतळ बघायला एसटीनं जाणारे आपणच असू. शेताच्या बांधावर डबा सोडून बसलो. वर शिकाऊ पोरांची विमानं गोल गोल फिरत होती. तुम्ही म्हणालात, हे बिचारे जिथून निघाले तिथंच उतरतात, आपण निदान दुसऱ्या गावी तरी येतो. तेवढ्यात शेताचा मालक आला आणि त्यानं तो प्रश्न विचारलाच. तुम्ही पोळीचा घास गिळून बोट वर केलंत. "भाचा शिकून राहिला. तो पाहा, वर." त्या भल्या माणसानं विमान डोक्यावर आलं तसा गमछा हलवला. मग तुम्ही हलवला टॉवेल. मी रागानं दुसरीकडे पाहत बसले होते. विमान तिसऱ्यांदा आलं तेव्हा माझाही हात वर गेला, आणि तुम्ही ते पाहिलंत, आणि पुढे कित्येक महिने मला ऐकवलंत.

शेवटी अर्जुनी मोरगावला जाताना गाडीतच आपलं जोरात वाजलं. मी म्हटलं, आज विचारतील तेव्हा मी बोलणार, आणि खरं बोलणार. तुम्ही हसून म्हणालात, "बोल. आज मी तोंडच नाही उघडत." आणि तुम्ही शब्द पाळलात. इतका पाळलात की माझी अब्रू जायची वेळ आली.

अर्जुनीहून काळी-पिवळीनं आपण पुढच्या एका गावी गेलो. गावाचं नाव लिहीत नाही, आता तिथे मला जायचं-यायचं आहे. तलावाच्या पाळीवर झाडाखाली बसलो. खिडकीतल्या वाऱ्यानं माझे डोळे लाल झाले होते. धुणं डोक्यावर घेऊन त्या गावची पारबताबाई वर आली, आपल्यापेक्षा थोडी मोठी असेल. थांबली. कोणाकडं आले जी? मी ताठ बसून सांगितलं, कोणाकडे नाही, फिरायला आलो. कायले? तलाव पाहायला. तिनं तलावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आमच्याकडे गावागणिक तलाव. तलाव पाहायला गोंदियाहून कोण येईल? तिनं धुणं खाली ठेवलं आणि माझ्याशेजारी बसली. मुलं किती? एक. लग्न झालं? झालं. सून कशी आहे? मी म्हटलं, चांगली आहे.

तिथे घात झाला. सून चांगली आहे असं कोणती सासू पहिल्या दमात सांगते? पारबताबाईनं माझे लाल डोळे पाहिले, मांडीवरची पिशवी पाहिली, तुमचं मुकं तोंड पाहिलं आणि तिला सगळं समजलं. ती उठली, माझा हात धरला आणि म्हणाली, बाई, आधी दोन घास खा, मग बोलू. मी सांगत राहिले की तसं काही नाही. जितकं सांगितलं तितकी तिची खात्री पटत गेली.

तिच्या अंगणात आपल्याला भात आणि वांग्याची भाजी वाढली. शेजारच्या बाया जमल्या. एकीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. दुसरीनं आजकालच्या सुनांवर बोलायला सुरुवात केली. तुम्ही मान खाली घालून जेवत होतात, आणि तुमचे खांदे हलत होते. बायांना वाटलं, म्हातारा रडून राहिला. मग पोलीस पाटील आले आणि त्यांनी मुलाचा फोन नंबर मागितला, तर तुम्ही तोंड न उघडता खिशातून मोबाइल काढून त्यांच्या हातात दिलात. मी त्या क्षणी तुम्हाला तलावात ढकललं असतं.

नरेश मोटारसायकलवर आला, मागे दीपा. पाटलांनी फोनवर त्याला आईबापाला बाहेर काढल्याबद्दल चांगलंच झापलं होतं. पोरगा घाबरून, रागावून, घामानं ओला होऊन आलेला. तो उतरत नाही तोच बायांनी दीपाला घेरलं. ती रडवेली झाली. माझ्याजवळ होतं ते खरं सगळं सांगून संपलं होतं. तेव्हा तुम्ही हात धुतलेत, टॉवेलाला पुसलेत आणि दिवसभरात पहिल्यांदा तोंड उघडलंत.

"पाटील, खरं सांगतो. सुनेच्या भावासाठी मुलगी पाहाले आलो. गुपचूप पाहाची होती, म्हणून बाईनं सांगितलं नाही."

अंगण असं सैल झालं. पाटील म्हणाले, मग आधी सांगाचं ना जी. पारबताबाईनं पुन्हा चुलीवर चहा ठेवला. बाया गावातल्या मुलींची नावं सांगायला लागल्या, कोण किती शिकली, कोणाचा रंग कसा. दीपाचा भाऊ तेव्हा एका पोराचा बाप होता. पण ती बिचारी पदर सावरून ऐकत राहिली आणि मधूनमधून उंची विचारत राहिली. तुम्ही चहात साखर वाढवून मागितलीत. डॉक्टरांनी बंद केलेली साखर, पण घराबाहेरची साखर अंगाला लागत नाही, हा तुमचा स्वतःचा शोध. निघताना पारबताबाईला म्हणालात, पुन्हा येतो, तुमच्या हातच्या चहासाठी येतो.

नियमाप्रमाणे येताना आपण एसटीनं आलो. दीपा नरेशच्या मागे न बसता आपल्यासोबत बसमध्ये चढली आणि तोंड फिरवून बसली. वाटेतल्या कोहमाऱ्यापर्यंत ती खिडकीबाहेरच पाहत होती. मग तुम्ही पुढे वाकून तिला हळूच विचारलंत, भावासाठी त्यातली कोणती पसंत पडली. ती इतकी हसली की कंडक्टर वळून पाहू लागला. त्या दिवसापासून आपला डबा ती बांधू लागली, आणि दर वेळी विचारायची, आज काय पाहायला जाता, बैल की नवरदेव.

नरेश मात्र हसला नाही. तुमच्यावर गेला नाही तो, माझ्यावर गेला. त्याला अजून तो फोन आठवला की घाम फुटतो.

तुम्हाला पारबताबाईकडे परत जायचं होतं. दर रविवारी काढायचात, चल, चहा प्यायला जाऊ. मी म्हणायचे, कुठल्या तोंडानं? ठरलं का लग्न, असं विचारलं तर? तुम्ही म्हणायचात, सांगू, पत्रिका जुळली नाही. मी म्हणायचे, मी यापुढे तुमच्या एकाही खोट्यात नाही. तुम्ही म्हणायचात, तुझ्या खऱ्यानं काय झालं ते पाहिलं ना. हाच आपला अर्धा राहिलेला वाद. ऐन वेळी लोकांना पटेल ते सांगावं की खरं ते सांगावं. आपण दोघंही हटलो नाही, आणि मग तुम्ही एकटेच पुढे निघून गेलात.

तुमच्यामागे पहिले रविवार लोकांच्या येण्याजाण्यात गेले. मग असा एक रविवार आला की कोणीच आलं नाही. मी सकाळपासून खिडकीत बसून होते. नरेश म्हणाला, आई, टीव्ही लावून देऊ का? मला एकदम कळलं की मी आता उठले नाही तर असे सगळे रविवार येतील आणि दर वेळी कोणीतरी मला काहीतरी लावून देईल. म्हणून गेल्या आठवड्यात मी जाहीर केलं की रविवारी अर्जुनीला चालले.

नरेश नको म्हणाला. आधी चिडून, मग वेगळ्याच आवाजात. "मागच्या वेळी बाबांनी सांभाळून घेतलं. आता तुले एकटीले पाहून कोणी विचारलं तं कोण बोलेल?" त्याला माझ्या तब्येतीची काळजी नव्हती, फोनचीही नव्हती. बाप नाही, हे त्यानं पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं होतं. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, मी बोलेन. मला तोंड आहे. दीपानं डबा बांधला, पिशवीत तुमचा टॉवेल घातला आणि दारात मला थांबवून कपाळावर टिकली लावली. बाबांना बिनटिकलीची आई ओळखू यायची नाही, म्हणाली. शेजारच्या काकू बघत होत्या. बघू दे.

गाडीत मला खिडकी मिळाली. धान कापणीला आलं आहे, काही बांध्यांत कापलेल्या धानाच्या कडपा पडल्या आहेत. तुमची जागा एका कॉलेजच्या मुलीनं घेतली आणि ती अर्जुनीपर्यंत झोपली. मी मनात वाक्य घोटत होते. पारबताबाई विचारेल, तुमचे मालक कुठे आहेत, आणि मी सांगेन, ते गेले. सरळ, खरं, दोन शब्दांचं वाक्य. मला त्याची भीती वाटत नव्हती. इतक्या लोकांना सांगून झालं होतं.

ती अंगणातच होती, सुपात काहीतरी पाखडत. मला पाहून तिनं डोळे बारीक केले, मग सूप ठेवून उठली. सुनेनं काढलं होतं तीच ना तू, म्हणाली, आणि स्वतःच हसली. मग माझ्या मागे वाटेकडे पाहिलं आणि विचारलं, "बुवा कोठी आहेत?"

मी म्हणाले, "मागच्या गाडीनं येऊन राहिले."

अहो, मी हे ठरवलं नव्हतं. ते आपोआप निघालं, अगदी तुमच्या आवाजात. घरी, दुकानात, गल्लीत, सगळीकडे तुम्ही गेलेले आहात. त्या एका अंगणात तुम्ही अजून जिवंत होतात, चहासाठी परत येणार होतात. तिथेही तुम्हाला मारायला माझी जीभ वळली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी धडधडीत खोटं बोलले आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

तिनं चहा ठेवला. दोन कप माझ्यासमोर आणले, एकात वरून चमचाभर साखर घातली आणि त्यावर बशी झाकली. त्यांना गोड लागते, म्हणाली, ध्यानात आहे माझ्या. मी माझा चहा प्याले. आम्ही धानाबद्दल बोललो, तिच्या नातवाबद्दल बोललो. दीपाच्या भावाचं तिनं विचारलं नाही, मीही काढलं नाही. मग दुपारची बस आली, गावाच्या वळणावर थांबली. अंगणातून बसचं दार दिसत होतं. दोन बाया उतरल्या, एक माणूस सायकलचं टायर घेऊन उतरला. मग कोणी उतरलं नाही. पारबताबाई बसकडे पाहत होती, मग माझ्याकडे पाहत राहिली. मी खाली पाहत होते. तिला कळलं आणि मला कळलं की तिला कळलं. तिनं बशी काढली, कप माझ्या हातात दिला.

"थंडा होऊन राहिला बाई. तूच पिऊन घे."

मी प्याले. पिताना रडले, आणि तिनं रडू दिलं. फार गोड होता चहा, इतकी साखर तुम्ही घेत होतात हे मला ठाऊक नव्हतं.

हीच बस मागे फिरणार होती. पारबताबाई मला वळणापर्यंत सोडायला आली. बस अर्धी रिकामी होती, तरी मी खिडकीतून टॉवेल आत फेकला. पहिल्याच फेकीत सीटवर पडला. मी चढून बसले तसा कंडक्टर आला, आणि तिकीट काढता काढता त्यानं विचारलंच, कोणाकडं आल्या होत्या मावशी?

तुमचं उत्तरही ओठावर होतं आणि माझंही. खिडकीच्या खाली पारबताबाई उभी होती, तिनं वर पाहून खणखणीत आवाजात सांगितलं, "माह्याकडं आली होती. पुढच्या महिन्यातबी येऊन राहिली."

कंडक्टरनं मान हलवली आणि तिकीट दिलं. कोणी संशय घेतला नाही, कोणी नरेशला फोन केला नाही. बघा, खरं होतं आणि पटलंसुद्धा. म्हणजे वाद मी जिंकले. तुम्ही म्हणाल, ही ओळख माझ्या खोट्यानं टिकली आणि आज तुझ्या खोट्यानं पक्की झाली. त्यावर मला चांगलं उत्तर सुचलं होतं, पण ते सांगायला बाजूच्या सीटवर नुसता तुमचा टॉवेल होता. त्यालाच सांगत मी गोंदियापर्यंत आले.